काटेरी झाड, माळ आणि एक हौशी चित्रकार

सर जॉर्ज बोमाँट (१७५३–१८२७) यांचे नाव आज घेतले जाते ते मुख्यतः संग्राहक म्हणून. लंडनच्या नॅशनल गॅलरीची १८२४ मध्ये स्थापना झाली, तीमागे त्यांनी देऊ केलेल्या चित्रसंग्रहाचा मोठा वाटा होता. ते स्वतःही तैलरंगांत निसर्गचित्रे काढीत. मात्र हौसेखातर, उपजीविकेसाठी नव्हे. विल्यम वर्ड्‌स्वर्थ यांच्या ‘द थॉर्न’ या कवितेवरून त्यांनी काढलेल्या चित्राचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

कवितेचा उगम सॉमरसेटमधील क्वांटॉक टेकड्यांच्या माथ्यावरचा. १७९८ साली एका वादळी दिवशी त्या उघड्या माळावर कवीच्या नजरेत एक काटेरी झाड भरले. स्वच्छ हवेत त्याच्याजवळून अनेकदा जाऊनही ते कधी जाणवले नव्हते. वादळाने क्षणभर जे ठसठशीत केले, ते शब्दांनी कायमचे ठसवता येईल काय, या प्रश्नातून कविता जन्मली.

बोमाँट यांनी आपले चित्र कवीस भेट दिले. इझाबेला फेनिक यांना १८४३ मध्ये सांगितलेल्या टिपणांत वर्ड्‌स्वर्थ त्याविषयी बोलतात. चित्रकार विल्की याला ते बोमाँट यांचे सर्वोत्तम चित्र वाटे. कवीस त्यातील आकाश भावले, पण त्यावर विल्सनची छाया अधिक दिसली. महत्त्वाचा दोष त्यांनी एकच सांगितला : चित्रातील स्त्री फार वृद्ध व जर्जर आहे; अशा कारणासाठी टेकडी चढणारी ती वाटत नाही.

हा आक्षेप आम्हांस पुरता पटत नाही. मार्था रे प्रेमात पडली त्याला कवितेतच बावीसएक वर्षे लोटली आहेत, आणि ती रात्रंदिवस, वाऱ्यापावसात त्या माथ्यावर जाऊन बसते. चित्रकाराने ती वर्षे तिच्या देहावर उमटवली, इतकेच.

खरी अडचण निराळी आहे. १८०० च्या आवृत्तीतील टिपेत कवीने निवेदकाची ओळख दिली आहे : निवृत्त जहाजकप्तानासारखा भोळा, बोलघेवडा माणूस. वादळात कडा समजून तो आसऱ्याला धावतो, तो तेथे स्त्री बसलेली. तिचा चेहरा पाहताच तो मागे फिरतो. तिच्या मुलाचे काय झाले, हे तर तो निव्वळ ऐकीव सांगतो. चित्रात असा निवेदक नसतो. तेथे माळ, झाड आणि स्त्री प्रेक्षकाच्या थेट डोळ्यांपुढे येतात, आणि कवितेचा प्राण असलेला संशय मावळतो.

रायडल माउंट येथे ते चित्र पुन्हा पाहताना बोमाँट म्हणत, की याहून चांगले काढता येईल, हाच विषय पुन्हा हाती घ्यावासा वाटतो. त्यांनी तसे केले असते तर स्त्री तरुण झालीही असती. तो बोलघेवडा कप्तान मात्र चित्रात आणता आला नसता.