नळाचं पाणी उलटं फिरलं तर? पिण्याच्या पाण्यात घाण शिरू नये म्हणून घरात काय पाहावं

बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी, 'पाणी आलंय!' अशी हाक आली की घरात एकच धांदल. नळाला रबरी नळी लावायची, दुसरं टोक पिंपात सोडायचं आणि दुसऱ्या कामाला लागायचं. यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नाही. पण नळी पिंपात बुडालेली असताना पाणी गेलं आणि नळ उघडाच राहिला, तर पिंपातलं पाणी उलटं ओढलं जाऊन गल्लीच्या पाइपलाइनमध्ये शिरू शकतं. पुढच्या वेळी पाणी सुटलं की तेच शेजाऱ्याच्या हंड्यात.

पाणी उलटं का जातं?

पाइपातल्या पाण्याला पुढे-मागे कळत नाही. जिकडे दाब कमी, तिकडे ते जातं. उलटं फिरण्याची कारणं दोन.

पहिलं, ओढ. पाणी बंद झालं, लाइन फुटली किंवा खालच्या अंगाच्या घरांनी पाणी खेचलं की पाइपात पोकळी तयार होते आणि ती उघड्या नळातून पाणी ओढते. गाडीच्या टाकीतून नळीने पेट्रोल काढतात, तोच प्रकार. कुणी लाइनला थेट मोटर लावली असेल तर ही ओढ आणखी वाढते. गळक्या जोडाजवळ गटार असेल तर त्यातलं पाणीही आत येतं.

दुसरं, ढकल. घरातला दाब लाइनपेक्षा जास्त झाला की पाणी बाहेर ढकललं जातं. १० मीटर उंचीवरच्या टाकीचा खाली साधारण १ किलो दाब पडतो. बोअरची लाइन किंवा गच्चीवरच्या टाकीची लाइन सरकारी नळाच्या पाइपाला जोडलेली असेल आणि मध्ये नुसता एक कॉक असेल, तर कॉक उघडा राहण्याचाच अवकाश!

आपल्या शेजारचंच उदाहरण

हुबळी-धारवाडमध्ये काही वॉर्डांना चोवीस तास पाणी आणि बाकीच्यांना काही दिवसांआड, अशी स्थिती असताना संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने तपासले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात विष्ठेतून येणारा ई-कोलाय जंतू चोवीस तासवाल्या नळांच्या ०.७ टक्के नमुन्यांत सापडला, तर थांबून-थांबून येणाऱ्या पाण्याच्या ३१.७ टक्के नमुन्यांत. लाइन रिकामी किंवा कमी दाबाची असते, तेव्हाच घाणीला आत शिरायला वाट मिळते. आपल्याकडे तर ती वेळ पाणी येण्याच्या वेळेपेक्षा जास्त असते.

मोठ्या शहरांनाही हे चुकलेलं नाही. १९३३ साली अमेरिकेतल्या शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं असताना दोन हॉटेलांत सदोष नळजोडणीमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि आमांशाची साथ पसरली. पाहुणे आपापल्या गावी गेल्यावर आजारी पडले, त्यामुळे कारण कळायलाही वेळ लागला. त्या साथीत ९८ जण दगावले.

घरात काय पाहावं?

• नळी बुडवू नका. नळाचं किंवा नळीचं तोंड पिंपाच्या काठापेक्षा वर ठेवा. पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट, पण कमीत कमी २५ मिलिमीटर, म्हणजे चांगली दोन बोटं, मोकळी जागा हवी. पाणी हवेतून उडी मारून मागे जात नाही. याच्याइतका खात्रीचा आणि बिनखर्चाचा उपाय दुसरा नाही.

• संप तपासा. पाणी पडताना आवाज नको म्हणून कधी कधी आतला पाइप तळापर्यंत सोडलेला असतो. तो कापून तोंड ओव्हरफ्लोच्या वर घ्या. संपाचं झाकण आणि मीटरचा खड्डा गटाराच्या पाण्याखाली जात नाही ना, तेही पावसाळ्यात बघा.

• मोटर लाइनला नको. बहुतेक पालिकांच्या नियमांतही याला मनाई आहे. आधी पाणी संपात घ्या, मग तिथून मोटरने वर चढवा.

• बोअर आणि नळ वेगळे ठेवा. दोन्ही पाणी एकाच टाकीत घ्यायचं असेल, तर दोन्ही पाइप वरून, हवेत मोकळे सोडा. पाइपाला पाइप जोडू नका.

• नॉन-रिटर्न व्हॉल्व बसवा. मीटरनंतर, बाणाची दिशा बघून. त्यात वाळू किंवा गंज अडकला की तो निकामी होतो, म्हणून वर्षातून एकदा प्लंबरकडून उघडून घ्या. व्हॉल्व आहे म्हणून नळी पिंपात बुडवायला मोकळीक मिळत नाही.

• संडासातला जेट बादलीत किंवा भांड्यात पडू देऊ नका. हुकाला अडकवा आणि त्याचा कॉक बंद ठेवा.

• फवारणीच्या पंपात नळी घालून कधीच पाणी भरू नका. बादलीने ओता. औषध लाइनमध्ये गेलं तर उकळूनही ते जात नाही.

• पाणी गेलं की नळ बंद करा. घरातल्या लहान पोरांनाही ही सवय लावा.

पाणी बिघडलंय असं वाटलं तर

नळ आल्यावर पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नका. ते धुण्याला, झाडांना वापरा आणि स्वच्छ झाल्यावरच हंडा लावा. वास, गढूळपणा किंवा फेस दिसला तर ते पाणी पिऊ नका, शेजारीही विचारा आणि लगेच पाणीपुरवठा विभागाला कळवा. खात्री होईपर्यंत टँकरचं किंवा दुसऱ्या चांगल्या ठिकाणचं पाणी उकळून प्या. खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट ठेवा. पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे जंतू नाहीत असंही नाही. घरात जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर ओआरएस सुरू करून डॉक्टरांना दाखवा, आणि गल्लीत आणखी कुणाला त्रास होतोय का ते विचारा. एकाच लाइनवरच्या तीन-चार घरांत आजार दिसला, तर दोष बहुधा त्या लाइनमध्येच असतो.

राकसकोपचं पाणी असो की हिडकलचं, शुद्धीकरण केंद्रातून ते तपासून सुटतं. तिथून आपल्या हंड्यापर्यंतच्या वाटेत मात्र गल्लीतल्या प्रत्येक घराचा नळ असतो. तेव्हा पुढच्या वेळी पाणी आलं की आधी आपल्या नळीचं टोक कुठे आहे ते बघा.