निकोटीनविरोधी लस : नैतिक प्रश्न

तंबाखूची तलफ भागूच नये, म्हणून टोचायची प्रायोगिक लस. निकोटीनचा रेणू इतका लहान, की शरीर त्याला परका म्हणून ओळखत नाही. म्हणून तो एखाद्या मोठ्या प्रथिनाला जोडून टोचतात. मग तयार होणारी प्रतिपिंडे रक्तातले निकोटीन धरून ठेवतात आणि ते मेंदूपर्यंत फारसे पोचत नाही. यातली सर्वांत पुढे गेलेली ‘निकव्हॅक्स’ २०११ मध्ये अमेरिकेतील अंतिम टप्प्याच्या दोन चाचण्यांत अपयशी ठरली.

या लशीची चर्चा सिगारेटभोवती झाली. महाराष्ट्रातले चित्र वेगळे आहे : २०१६-१७ च्या पाहणीत इथले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, तर धूर न काढता तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. पुणे जिल्ह्यातील भोर-वेल्ह्यासारख्या डोंगरी भागांत हा विषय काढायचा तर मिसरीपासून काढावा लागतो. तव्यावर तंबाखू काळीभोर होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची, सकाळी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायची. निकोटीन हिरडीतूनच रक्तात जाते. कर्करोग मात्र मुख्यतः तंबाखूतल्या इतर द्रव्यांमुळे होतो आणि त्यांना ही लस अडवत नाही. किक बसेना म्हणून कोणी दुप्पट मिसरी लावली, तर अपाय वाढेल.

ही लस सक्तीची करावी का, हा प्रश्न इथेच निकालात निघतो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. गोवराची लस शेजारचे मूलही वाचवते. मिसरीची सवय शेजारणीला संसर्गाने लागत नाही. जेकब पुलियेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी कोविडसारख्या साथीतही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे सांगितले. मुलांना आधीच टोचून ठेवणे आणखी अवघड : प्रतिपिंडे काही महिन्यांत ओसरतात, म्हणजे न लागलेल्या सवयीसाठी पुन्हा पुन्हा सुई. शिवाय संमती कोणाची? गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीच्या प्रकल्पात, २००९ मध्ये, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात वसतिगृहातल्या मुलींच्या संमतिपत्रांवर वॉर्डननी सह्या केल्या होत्या. पुढच्या वर्षी सरकारने तो प्रकल्प थांबवला. आश्रमशाळांच्या भागात हे विसरून चालणार नाही.

स्वतःहून सोडू पाहणाऱ्या प्रौढाला, नीट समजावून, अशी लस देण्यात गैर काही नाही. गरोदर बाईचा प्रश्न मात्र मनाला लागतो. मुंबईतील २००४ च्या अभ्यासात तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम हलकी भरली. त्यांतल्या बहुतेक जणी मिसरी लावत. पण दाढ दुखते म्हणून मिसरी धरलेल्या बाईचे दुखणे लशीने थांबत नाही. तिला दातांचा डॉक्टर एसटीच्या एका फेरीच्या अंतरावर हवा असतो.