कोयता आणि पाटी

दसऱ्याचे सोने लुटून झाले की बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात गावे रिकामी होऊ लागतात. पाटोदा घ्या, आष्टी घ्या, धारूर, वडवणी वा केज घ्या, चित्र एकच. मुकादमाची उचल घेतलेली असते आणि ती फेडायला ऊसतोडीवर जावेच लागते. नवराबायको मिळून ‘एक कोयता’, असा या धंद्यातला हिशेब. आपल्या घरी करंज्या तळल्या जात असतात त्या दिवसांत ही माणसे कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि मागे कोणी सांभाळणारे नसेल तर मुलेही बरोबर निघतात. शाळेचे दुसरे सत्र दिवाळीनंतर उघडते आणि गळीत हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. परतलेले पोर वर्गात बसते तेव्हा भागाकार होऊन अपूर्णांक सुरू झालेले असतात. मग त्याला नाव मिळते – ‘ढ’. ब्राह्मी लिपीपासून या अक्षराचे रूप फारसे बदलले नाही, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणतात, अशी एक उपपत्ती आहे. ती खरी असो वा नसो, अक्षराचा दोष मुलाच्या माथी मारण्याचे कारण नाही.

वस्तुतः सर्व मुलांनी एकाच दिवशी एकाच पानावर असले पाहिजे, हा नियम आपल्याकडे जुना नाही. पंतोजींच्या गावठी शाळेत इयत्ता नव्हती. धुळाक्षरे वळली की मुलगा कित्त्याकडे जाई, पाढे पाठ झाले की पावकी-निमकीकडे. ज्याची जशी गती. पंतोजींची छडी कोणी परत मागणार नाही, पण इयत्तांच्या शाळेने छडीबरोबर ही मोकळीकही घालविली. मराठवाड्यात त्यावर आणखी एक ओझे होते. निजामी राजवटीत वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू. घरी मराठी बोलणारे पोर शाळेत भाषेलाच अडखळे. अशा काळात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून स्वामी रामानंद तीर्थ 1935 साली अंबाजोगाईस आले आणि तेथल्या योगेश्वरी विद्यालयाचा कारभार त्यांनी पाहिला. 1938 साली ते सत्याग्रहात उतरले. भाषेचा प्रश्न पुढे राजवटीबरोबर सुटला. गतीचा मात्र सुटला नाही.

त्या प्रश्नाला हात घातला तो दूर ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर. रोममध्ये मारिया माँटेसोरी या डॉक्टर बाईंनी मतिमंद म्हणून टाकून दिलेल्या मुलांना एकेकटे, त्यांच्या हातांना साधनांचे काम देऊन शिकविले. ती मुले चारचौघांच्या परीक्षेत उतरली, तेव्हा बाईंना आनंदापेक्षा कोडेच पडले: मग धडधाकट मुलांना शाळा इतके मागे का ठेवते? 1907 साली सान लोरेन्झोच्या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. तो विचार गिजुभाई बधेका यांच्या भावनगरच्या बालमंदिरात आला, आणि तेथे त्यांच्या सहकारी झालेल्या ताराबाई मोडक यांनी तो मराठी मुलखात आणला.

ताराबाई 1945 साली बोर्डीस आल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पद्धत परदेशी, साधने महाग, आणि समोर वारल्यांची मुले. ताराबाईंनी शिंपले, बिया, खडे, पाने वापरली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रुळलेला शब्द तेथला. सरकारी योजनेत तो आला 1975 साली, ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी. मोठी मुले गुरे राखायला जात. त्यांच्यासाठी शिक्षिका कुरणात गेली, म्हणून ती ‘कुरणशाळा’. गुराख्याला दावणीतून सोडवून बाकावर बसवा, असा आग्रह तिने धरला नाही. पुढे हे सारे बिऱ्हाड कोसबादच्या टेकडीवर गेले.

आता पुन्हा बीडकडे. प्रवरेकाठी सहकारी कारखान्याचे धुराडे 1950च्या सुमारास पेटले, त्यामागून कारखान्यांची रांग लागली आणि दुष्काळी तालुक्यांतील हात तिकडे ओढले गेले. कारखान्यांच्या आवारात कुरणशाळेची धाकटी बहीण म्हणावी अशा साखरशाळा निघाल्या. 2009चा शिक्षणहक्काचा कायदा आल्यावर मुलांनी जवळच्या नियमित शाळेत जावे असे ठरले, आणि साखरशाळा मागे पडल्या. कायद्याचा हेतू निर्मळ होता. पण कोपीपासून शाळा लांब, वर्ग अनोळखी, आणि मूल येणार अर्ध्या वर्षात! हमीपत्राच्या कार्डाने शाळेचे दार उघडते. आत गेल्यावर त्याला कोठून शिकवायचे, हे कोणी तरी त्याच्याजवळ बसूनच ताडावे लागते. नापास न करण्याच्या नियमाने मूल वरच्या वर्गात गेले. त्याचा भागाकार मात्र खालीच राहिला.

गावातच मूल राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली. शिरूर-कासार तालुक्यात आर्वी येथे दीपक व कावेरी नागरगोजे या दांपत्याने ‘शांतिवन’ उभारून ऊसतोड्यांच्या मुलांना बारमाही घर दिले. माझ्या मते हीच वाट अधिक सरळ आहे. पण तिच्यावरही एक जण मागे राहते – थोरली मुलगी. आईच्या हाती कोयता असतो, म्हणून तान्हे हिच्या कडेवर येते. ताराबाईंनी हे ओळखले होते. त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी होती: बहिणीने तान्ह्याला पाळण्यात ठेवावे आणि पलीकडे जाऊन पाटी घ्यावी. उसाच्या फडापाशी शाळेची चर्चा पुष्कळ होते, पाळण्याची क्वचितच.