वाढप्यांची वाण

पंक्तीला बसलेल्या माणसाला वाढप्याची आठवण केव्हा होते? आमटी यायला उशीर झाला म्हणजे. तोवर तो हात कुणाचा, त्या माणसाचे नाव काय, तो स्वतः जेवला की नाही, हे प्रश्न आपल्या मनाला शिवतही नाहीत. २०२०च्या टाळेबंदीत शहरांतल्या हॉटेलांची चूल विझली आणि तिथली कितीतरी माणसे पायी गावाकडे निघाली. पुढे हॉटेले उघडली, तेव्हा दारांवर ‘आचारी पाहिजे, वेटर पाहिजेत’ अशा पाट्या झळकू लागल्या. आणि चहाला वेळ लागतो म्हणून कुरकुरणाऱ्यांत, खरे सांगायचे तर, मीही होतो.

माणूस मिळेनासा झाला की त्याची किंमत कळते, हे खरे. पण किंमत कळणे वेगळे आणि त्याला संरक्षण मिळणे वेगळे. हा फरक ज्याने नेमका ओळखला, त्या एका मंत्र्याची आणि त्याच्या एका कायद्याची हकीकत आज आपल्यापुढे ठेवायची आहे. ती इंग्लंडातली आहे, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धुमाळीतली आहे.

लंडनच्या बड्या हॉटेलांत त्या काळी वाढपी आणि आचारी पुष्कळसे इटालियन असत. १० जून १९४० रोजी इटलीने युद्धात उडी घेतली आणि कालपर्यंत अदबीने सूप वाढणारा माणूस एका रात्रीत शत्रू ठरला. हजारो इटालियनांना पकडून छावण्यांत डांबले. त्यांपैकी काहींना ‘अरँडोरा स्टार’ नावाच्या जहाजातून कॅनडाकडे धाडले. २ जुलै रोजी जर्मन पाणबुडीने ते बुडवले. चारशेहून अधिक इटालियन त्यात मेले. हॉटेलांत आणि खानावळींत राबलेली माणसे त्यांत होती.

इकडे तरुण सैन्यात गेले, बायका दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेल्या. आणि नेमक्या त्याच वेळी शिजवणाऱ्या-वाढणाऱ्या हातांची गरज कधी नव्हे इतकी वाढली. अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या युद्धसाहित्याच्या कारखान्यांत उपाहारगृह काढायला लावण्याचा अधिकार सरकारने १९४० साली हाती घेतला. शिवाय गावोगाव स्वस्त सार्वजनिक भोजनगृहे निघाली. १९४३ साली त्यांची संख्या दोन हजारांवर गेली होती. एवढ्या चुली पेटवायच्या कुणी?

ह्या प्रश्नाची जबाबदारी मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन ह्याच्यावर होती. गृहस्थ मोठा विलक्षण. १८८१चा जन्म, आई मोलमजुरी करणारी विधवा. आठव्या वर्षी तीही गेली. अकराव्या वर्षी शाळा सुटली, शेतावर राबला, मग ब्रिस्टल शहरात घोडागाडी हाकली. पुढे ह्याच माणसाने वाहतूक कामगारांची प्रचंड संघटना उभारली, आणि १९४० साली चर्चिलने त्याला थेट मंत्रिमंडळात घेतले. कुणालाही कुठल्याही कामावर लावण्याचा अधिकार त्याला कायद्याने मिळाला होता. असा अधिकार इंग्लंडात आधी कुणाच्या हाती क्वचितच आला असेल.

दुसरा एखादा असता तर हुकूम काढून मोकळा झाला असता. बेव्हिनने मार्च १९४१च्या आदेशात मात्र एक अट घातली: कामगाराला काम सोडण्याची बंदी ज्या कारखान्यात लागू व्हायची, तिथले वेतन आणि कामाची व्यवस्था आधी समाधानकारक असली पाहिजे. सक्ती करायची असेल तर आधी माणसासारखे वागवा, असा ह्याचा सरळ अर्थ. आता ही अट हॉटेलधंद्याला लावायची कशी? तिथे किमान वेतन ठरवणारी यंत्रणाच नव्हती. १९०९ साली अत्यल्प मजुरीच्या चार धंद्यांसाठी वेतनमंडळांचा कायदा झाला होता. तो पार्लमेंटात मांडणारा मंत्री होता तरुण चर्चिल! पण त्यात हॉटेले नव्हती. वाढपी बक्षिसीवर जगतो, त्याला पगार कशाला, अशी समजूत खोल रुजलेली होती. आपल्याकडेही ती अनोळखी नाही.

फेब्रुवारी १९४३मध्ये बेव्हिनने आपले विधेयक आणले. हुजूर पक्षातून गदारोळ उठला. राष्ट्रीय सरकार आहे, युद्ध चालू आहे, असा वादग्रस्त विषय आताच कशाला, असा त्यांचा सवाल. शंभराहून अधिक सभासदांनी आपल्याच सरकारविरुद्ध मत दिले. हा आक्षेप अगदीच पोकळ होता असे मी म्हणणार नाही; लहान खानावळवाल्याची भीती खरी असते. पण युद्ध संपेपर्यंत थांबायचे म्हणजे माणसांची वाण संपेपर्यंत थांबायचे. मग कोण ऐकणार होते?

विधेयक मंजूर झाले. एक आयोग नेमला गेला. धंद्याची पाहणी करून वेतनमंडळांची शिफारस करणे हे त्याचे काम. मंडळांत मालक आणि कामगार समसमान, जोडीला काही तटस्थ माणसे. वेतन आणि सुट्ट्या त्यांनी ठरवायच्याच. शिवाय कायद्यात एक साधी बाब होती, जेवणाची आणि विश्रांतीची सुटी. दुसऱ्यांना जेवू घालणाऱ्याने स्वतः केव्हा जेवावे, ह्याची सोय लावायला पार्लमेंटाचा कायदा लागला!

मुंबईकरांनी इथे थोडी मान वर करायला हरकत नाही. मुंबई इलाख्यात दुकाने, उपाहारगृहे, भोजनालये ह्यांतील कामाचे तास आणि सुट्ट्या ह्यांचा कायदा १९३९ सालीच झाला होता. मात्र मान फार वर नको. टेबल पुसणारा ‘बारक्या’ आपल्या हॉटेलांतून त्यानंतरही हलला नाही. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलांत आणि धाब्यांवर राबवण्यास बंदी झाली ती १० ऑक्टोबर २००६ रोजी.

बेव्हिनच्या कायद्याने हॉटेल कामगार सुखी झाला काय? तसे म्हणवत नाही. मंडळांचे दर कमीच राहिले, तपासनीस थोडे, आणि विखुरलेल्या धंद्यात संघटना मूळ धरीना. पण पायाखाली जमीन तरी आली. बेव्हिन पुढे परराष्ट्रमंत्री झाला, १९५१ साली वारला. मंडळे त्याच्यामागे चाळीस वर्षे टिकली. मग वारे फिरले. बेकारी वाढली होती, कामासाठी माणसे दारात उभी होती. १९८६ साली एकवीस वर्षांखालील कामगारांना मंडळांच्या कक्षेतून वगळले, आणि १९९३ साली मंडळेच बरखास्त केली. पुढची सहा वर्षे इंग्लंडातल्या वाढप्याला किमान वेतन म्हणून कायद्याने काहीच नव्हते. सर्वांसाठी किमान वेतन आले ते १ एप्रिल १९९९ रोजी, ताशी ३ पौंड ६० पेन्स.

२०२१ साली तिथे पुन्हा तीच वाण पडली. साथीने धंदे बंद पडले होते, युरोपातून येणारे हात ब्रेक्झिटमुळे अडले होते, आणि हॉटेले माणसांवाचून अडून बसली. २०२३ साली पार्लमेंटाने बक्षिसीचा कायदा केला: गिऱ्हाईकाने ठेवलेली बक्षिसी मालकाने आपल्याकडे न ठेवता सगळी कामगारांत वाटावी. तो १ ऑक्टोबर २०२४ला अमलात आला. ताटाशेजारी ठेवलेले नाणे कुणाचे, हे ठरायला एवढा काळ लागला.