वरून धडधाकट

मिहान म्हटले की आम्हा नागपूरकरांना विमाने आणि आयटी कंपन्या आठवतात. मला मात्र १७ ऑगस्ट २०२३ आठवतो. पुण्याला विमान घेऊन जायला निघालेला ४० वर्षांचा वैमानिक त्या दिवशी नागपूर विमानतळावर बोर्डिंग गेटपाशी कोसळला आणि गेला. हृदयक्रिया बंद पडली, असे बातम्यांत आले. त्याची कारणे अनेक असतात, प्रत्येक वेळी रोहिणीच असते असे नाही. पण वैमानिकांची प्रकृती तर नेमाने तपासली जाते! मग घरोघरी एकच प्रश्न निघाला, आधी कळले कसे नाही?

प्रश्न जुनाच आहे. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदने १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी वय २२च्या आसपास, अंगाने दणकट. तरी शंभरातल्या ७७ जणांच्या हृदयरोहिण्यांत आजाराच्या खुणा निघाल्या. कुठे नुसता जाडसरपणा, कुठे वाट पूर्ण बंद. म्हातारपणाचा म्हणून समजलेला रोग विशीतच घरात शिरलेला होता.

तो दिसत का नाही, याचे एक उत्तर शिकागोच्या ग्लागॉव्ह यांनी १९८७ मध्ये दिले. आपण नळात साचणाऱ्या क्षाराचे उदाहरण देतो, ते तितकेसे बरोबर नाही. चरबी रोहिणीच्या भिंतीच्या आत साचते आणि रोहिणी आधी बाहेरच्या बाजूने फुगते. रक्ताची वाट मोकळीच राहते. दुखत नाही, दम लागत नाही. इसीजी तर हृदयातली वीज टिपतो, भिंतीतली चरबी त्याला कुठून दिसणार? मग एखाद्या दिवशी ती भिंत आतून फाटते, वर गुठळी धरते आणि सगळे काही मिनिटांत होते.

आता आपल्याकडचे. २००७ मध्ये नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी व सहकाऱ्यांचा अभ्यास अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. भारत आणि शेजारच्या देशांत पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतरत्र जवळजवळ ५९व्या. हे रक्तातच आहे म्हणून हात झटकायची सोय मात्र त्यांनी ठेवली नाही. तंबाखू, साखर, रक्तदाब, वाईट कोलेस्टेरॉल हे सारे आपल्याकडे लवकर सुरू होते, फरक मुख्यतः त्याचाच. हेच डॉक्टर पुढे मिहानमधल्या एम्सचे संचालक झाले.

मिहानमध्ये रात्रपाळी करणाऱ्या आमच्या भाचे-पुतण्यांनो, 'मामा, मला काही होत नाही' हे मला फोनवर सांगू नका. खर्रा सुटला का, आणि साखर व कोलेस्टेरॉलचा आकडा किती, तेवढे कळवा.