फिरत्या वजनाची कुळकथा

जुनं ऑटोमॅटिक घड्याळ घेताना बहुतेकांची नजर आधी डायलवर जाते. माझं म्हणणं, आधी मागचं झाकण उघडायला सांगावं. या घड्याळाचं सगळं आयुष्य आतल्या एका वजनाच्या जिवावर चाललेलं असतं. हात हलला की वजन हलतं आणि स्प्रिंगला चावी बसते. ते वजन कोणत्या पिढीचं, हे ओळखलं की झीज कुठे शोधायची ते कळतं.

पहिली पिढी खिशातली. स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावचे अब्राहम-लुई पेरले यांनी १७७० च्या दशकात आपोआप चावी बसणारं घड्याळ केलं. पंधरा मिनिटं चालल्यावर त्याला आठ दिवसांची चावी बसते, अशी नोंद जिनिव्हातल्या एका संस्थेनं १७७७ साली केली. पण खिशातलं घड्याळ हलणार कितीसं? ही युक्ती खरी कामाला आली ती घड्याळ मनगटावर आल्यावर.

ते श्रेय जॉन हारवुड या इंग्रज घड्याळ-कारागिराचं. दुरुस्तीला येणारी घड्याळं धूळ आणि ओल शिरून बिघडतात, आणि ती चावीच्या भोकातून शिरते, हे त्यांनी पाहिलं. म्हणून त्यांनी चावीच काढून टाकली. काटे लावायला काचेभोवतीची कडी फिरवायची. १९२४ मध्ये त्यांना स्विस पेटंट मिळालं. त्यांचं वजन पूर्ण फिरत नसे. दोन्ही बाजूंच्या छोट्या स्प्रिंगांवर आपटून परत येई. संग्राहक अशा घड्याळाला ‘बंपर’ म्हणतात. ओमेगानंही १९४० च्या दशकात बंपर काढले. असं घड्याळ हातात घेऊन हळूच कलवा. दोन्हीकडे सारखा, लवचिक ठोका जाणवला पाहिजे. एका बाजूला तो बोथट लागला, तर तिथली स्प्रिंग थकली आहे असं समजा.

रोलेक्सनं १९३१ मध्ये वजन पूर्ण गोल फिरवलं. हाच पुढे सर्वत्र रूढ झालेला रोटर. मधल्या एका आसावर एवढं वजन वर्षानुवर्षं फिरल्यावर तो आस झिजणारच. झिजला की रोटर कलतो आणि झाकणाला आतून घासतो. झाकण उजेडात तिरकं धरलं, की कमानीसारखा चकचकीत ओरखडा दिसतो. एटर्नानं १९४८ मध्ये रोटर पाच छर्‍यांच्या बेअरिंगवर बसवला, तो ही झीज आणि घर्षण टाळण्यासाठीच. त्या पाच छर्‍यांचंच त्यांनी बोधचिन्ह केलं. त्याच झाकणावर जुन्या कारागिरांनी सर्व्हिसिंगच्या वेळी सुईनं कोरलेल्या बारीक खुणाही सापडतात. त्या दिसल्या तर आनंद माना, कोणीतरी घड्याळाची काळजी घेतली आहे.

रोटरमुळे घड्याळ जाड होई, आणि ड्रेस वॉच तर शर्टाच्या कफाखाली सहज सरकलं पाहिजे. म्हणून १९५० च्या दशकात ब्यूरेन आणि युनिव्हर्सल जिनिव्ह यांनी छोटा रोटर यंत्राच्या पातळीतच बसवला. पियाजेचं १९६० चं असं यंत्र अवघं २.३ मिलिमीटर जाडीचं होतं.

मग डायल बघा. नव्यानं रंगवलेल्या डायलमुळे आपल्या मुंबईचं नाव जगभरच्या संग्राहकांत खराब झालं आहे. अक्षरं जाडी-बारीक असतील, मिनिटांचे ठिपके खुणांच्या समोर येत नसतील, तर हात आखडता घ्या. झिजलेला आस चांगला कारागीर बदलून देतो. पुसून टाकलेला मूळ डायल कोणालाच परत आणता येत नाही. म्हणून ओरखडा असलेलं, पण पिवळसर पडलेला मूळ डायल टिकवलेलं घड्याळ मी आधी घेईन, फक्त दुरुस्तीचा खर्च भावातून वळता करून.