भाजीच्या वाफ्यात पाणी साचले, तर...

पावसाची तीन-चार दिवस झड लागली, की शहरातील मंडईत मेथी-कोथिंबिरीच्या जुडीचा भाव चढतो आणि त्याचे खापर बहुधा वाहतुकीवर किंवा दलालांवर फोडले जाते. मूळ कारण मात्र अनेकदा शेतातच असते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पावसाने राज्यातील खरीप कांद्याचे अतोनात नुकसान केले आणि त्या वर्षाच्या अखेरीस किरकोळ बाजारात कांद्याने किलोमागे शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला, हे गृहिणींच्या स्मरणात असेल. शिवाय हा विषय आता केवळ शेतकऱ्यांपुरता राहिलेला नाही. मुळशी, मावळ, कर्जत परिसरात दोन-चार गुंठे घेऊन शनिवार-रविवारी भाजी पिकवणारे शहरवासी पुष्कळ आहेत. बंगल्याच्या मागील अंगणात वाफे करणारेही आहेत. पाणी साचल्यावर नेमके काय होते आणि काय करावे, हे त्यांनी समजून घेतलेले बरे.

चांगल्या मशागतीच्या मातीत जवळजवळ निम्मी जागा पोकळ्यांची असते. त्या पोकळ्यांत काही पाणी, काही हवा असते. मुळे श्वास घेतात ते या हवेतून. पाणी साचले की ही हवा बाहेर ढकलली जाते. प्राणवायू हवेच्या तुलनेत पाण्यातून सुमारे दहा हजार पटींनी मंद गतीने पसरतो. त्यामुळे उरलासुरला प्राणवायू मुळे आणि मातीतील सूक्ष्मजीव मिळून एक-दोन दिवसांत संपवतात. हवा उष्ण असेल, तर त्याहूनही लवकर. गुदमरलेली मुळे पाणी वर ओढू शकत नाहीत. टोमॅटोचे रोप घोटाभर पाण्यात उभे असूनही भर दुपारी माना टाकते, ते यामुळे. त्याचवेळी मुळांत तयार होणारे एक रसायन खोडातून वर जाते आणि पानांत त्याचे इथिलीन वायूत रूपांतर होते. पानांचे देठ खाली वळतात, ते त्याच्या प्रभावाने. पुढे खालची पाने पिवळी पडू लागतात, कारण नत्राचा काही अंश पाण्याबरोबर खाली वाहून जातो आणि काही वायुरूपाने उडून जातो.

सर्व जमिनी सारख्या नसतात. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो, तरी काकडी, पडवळ, दोडका यांचे वेल उतारावरच्या तांबड्या वरकस जमिनीत मांडवावर सुखाने चढतात. तुंबणारे पाणी खाली भाताच्या खाचरांसाठी सोडलेले असते. देशावरच्या काळ्या जमिनीचे तसे नाही. तिच्यातील चिकणमाती ओली होताच फुगते, उन्हाळ्यातील भेगा बुजतात आणि पाण्याला खाली झिरपण्यास वाट उरत नाही. उन्हाळ्यात जी जमीन ओल टिकवते म्हणून आपण तिचे कौतुक करतो, तीच पावसाळ्यात भाजीचा घात करते.

पिकापिकातही फरक आहे. टोमॅटो, मिरची, घेवडा, मेथी, कोथिंबीर ही नाजूक मंडळी. वांगे तुलनेने चिवट. तैवानमधील जागतिक भाजीपाला केंद्राने वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचे कलम करण्याची पद्धत विकसित केली, ती वांग्याच्या मुळांच्या या गुणामुळेच. वाराणसी येथील भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेनेही या कलमांवर काम केले आहे.

आता उपायांकडे वळू. पहिले काम पाणी बाहेर काढण्याचे. पाऊस थांबण्याची वाट न पाहता शेताचा सर्वांत सखल कोपरा शोधावा आणि वाफ्यांच्या कडेने तिकडे कुदळीने चर काढावा. (तो शेजाऱ्याच्या बांधात उघडू नये, आपल्याकडे अशा चरांवरून कोर्टकज्जे झालेले आहेत.) वाफ्यावर प्लास्टिकचे आच्छादन असल्यास त्याच्या कडा उचलून ठेवाव्यात, पालापाचोळ्याचे असल्यास ते बाजूला सारावे.

दुसरे काम अधिक कठीण, कारण ते काही न करण्याचे आहे. पाणी ओसरले की हातात खुरपे किंवा खताची पिशवी घेऊन वाफ्यात उतरण्याचा मोह होतो. आमच्या मते पाण्याने झालेल्या नुकसानीत या घाईचा वाटा मोठा असतो. ओल्या चिकणमातीवर पाय पडला, की उरल्यासुरल्या पोकळ्याही दबतात आणि ती माती वाळल्यावर तिची दगडासारखी ढेकळे होतात. पिवळी पाने पाहून टाकलेला युरिया तर वायाच जातो. जी मुळे पाणी घेऊ शकत नाहीत, ती खत कोठून घेणार?

यासाठी मराठी शेतकऱ्याकडे एक नेमका शब्द आहे: वाफसा. मातीत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, अशी ती अवस्था. तिची परीक्षा सोपी आहे. बोटभर खोलीवरची मूठभर माती दाबून तिचा गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. गोळा फुटला, तर वाफसा आला. माती बोटांना चिकटत असेल किंवा गोळा चपटा होऊन पडत असेल, तर थांबावे. हलक्या जमिनीत वाफसा दोन दिवसांत येतो. भारी काळ्या जमिनीत आठवडाही लागतो.

तोवर झाडाला पानांवाटे थोडे अन्न देता येते. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम या प्रमाणात फवारावे. अर्थात, वाफ्यात न उतरता हात पोहोचेल तेवढ्याच झाडांवर. वाफसा आल्यावर वरची पापडी हलक्या खुरपणीने फोडावी, उघड्या पडलेल्या मुळांना मातीची भर द्यावी, कललेल्या झाडांना काठीचा आधार द्यावा आणि चिखल लागलेली खालची पाने काढून टाकावीत. रोपवाटिकेत रोपे बुंध्याशी कुजून कोलमडू लागली असतील, तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ते तीन ग्रॅम या प्रमाणात मुळाशी ओतावे. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी वापरायची असल्यास ती या औषधाबरोबर मात्र देऊ नये.

पीक ठेवायचे की उपटायचे, हा निर्णय पानांवरून करू नये. एखादे रोप उपटून मुळे पाहावीत. ती पांढरी व टणक असतील, तर आशा आहे. ती तपकिरी पडली असतील, चिमटीत साल सुटून येत असेल आणि कुबट वास येत असेल, तर त्या पिकावर आणखी खर्च करणे व्यर्थ होय.

शेतात साचलेले पाणी पावसाचे नसून नाल्याचे किंवा पुराचे असेल, तर प्रश्नच वेगळा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात शिरले तसे पाणी सांडपाणी, मृत जनावरे, तेल असे सारे काही बरोबर आणते. अशा पाण्यात बुडालेली पालेभाजी, काकडी किंवा टोमॅटो धुऊनही खाण्यायोग्य होत नाही. तेथे मन घट्ट करावे.

पुढील हंगामासाठी गादीवाफे करावेत: रुंदी सुमारे एक मीटर, उंची पंधरा ते वीस सेंटिमीटर, मध्ये पाणी वाहून जाईल असा चर. दरवर्षी शेणखत किंवा कंपोस्ट मिसळल्यास भारी माती हळूहळू मोकळी होते. एका वर्षात मात्र फरक दिसत नाही. लागवडीपूर्वी फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा खणून तो पाण्याने भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच दिसले, तर त्या कोपऱ्यात टोमॅटोचा हट्ट सोडून अळू लावावे. त्याला पायाशी ओल मानवते आणि श्रावणात फतफत्यासाठी पाने दाराशी मिळतात.